'लिटल' म्हणजे नेमकं किती?

वाचनवेडी

इंग्रजीतला 'लिटल' हा शब्द आपण अगदी पहिल्या धड्यांमधे शिकतो, लहान, छोटा, थोडा असे दोनतीन अर्थ पाठ होतात आणि मग त्याच्याकडे परत कोणी बघत नाही. मी भाषांतराचं काम करते, दुसऱ्यांची भाषांतरं तपासतेही, आणि मोठमोठे अवघड शब्द तिथे फारसे चुकलेले दिसत नाहीत कारण त्यांच्यासाठी माणूस डिक्शनरी उघडतो, चुकतात ते असले रोजचे शब्द. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट त्या एवढ्याशा 'अ'ची. 'देअर इज लिटल होप' आणि 'देअर इज अ लिटल होप' या दोन वाक्यांत फरक फक्त 'अ'चा आहे, पण पहिल्याचा अर्थ 'आशा जवळजवळ नाहीच' आणि दुसऱ्याचा 'थोडी तरी आशा आहे'. डॉक्टरांनी नातेवाईकांना यातलं कुठलं वाक्य सांगितलं यावर त्या घरातली पुढची रात्र कशी जाणार ते ठरतं. आणि भाषांतरात दोन्हीकडे 'थोडी आशा आहे' असं लिहिलेलं मी पाहिलंय. मोजता येणाऱ्या गोष्टी आल्या की हेच काम 'फ्यू' आणि 'अ फ्यू' करतात. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही, 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे काही जण आले.

आता गंमत बघा, प्रत्यक्षातलं प्रमाण दोन्ही वाक्यांत सारखंच असू शकतं. पेल्यात तेवढंच पाणी, पण एक जण म्हणतो 'लिटल वॉटर' आणि दुसरा म्हणतो 'अ लिटल वॉटर'. पहिला जे नाही त्याच्याकडे बघतोय, दुसरा जे आहे त्याच्याकडे. म्हणजे 'लिटल' नुसतं माप सांगत नाही, बोलणाऱ्याचं त्या मापाबद्दल काय मत आहे ते सांगतो. माझं म्हणणं असं की हे फक्त 'अ' पुरतं नाही, या शब्दाच्या जवळजवळ प्रत्येक वापरात हेच आहे. 'स्मॉल' मोजतो, 'लिटल' बघतो.

'अ स्मॉल हाउस' म्हणजे घराचं क्षेत्रफळ कमी आहे, संपलं. 'अ नाइस लिटल हाउस' म्हटलं की बोलणाऱ्याला ते घर आवडलंय हे कळतं. 'पुअर लिटल थिंग' मधे कणव आहे, 'नॅस्टी लिटल मॅन' मधे तिरस्कार आहे आणि तो माणूस सहा फुटी असला तरी काही बिघडत नाही. या सगळ्या ठिकाणी 'स्मॉल' घालून बघा, वाक्य पडतं.

तुमच्याकडची उदाहरणं, शंका, वेगळं मत, सगळं येऊ द्या. आणि फक्त 'लिटल'च नाही, त्याची भावंडंही चालतील.

मोरपीस

छान विषय काढलास. मी इंग्रजी व्याकरण शिकवते त्यामुळे माझं येणं व्याकरणाच्या बाजूने.

तू म्हणतेस तो 'अ' नसलेला 'लिटल' हा खरं तर नकारार्थी शब्द आहे, नुसता अर्थाने नाही, व्याकरणानेसुद्धा. वाक्यात 'नॉट' कुठेही नसतो पण वाक्य वागतं नकारार्थी असल्यासारखं. मागे जोडायचा छोटा प्रश्न बघा. 'मच हॅज चेंज्ड, हॅझन्ट इट?' पण 'लिटल हॅज चेंज्ड, हॅज इट?' होकारार्थी वाक्याला नकारार्थी शेपूट लागतं हा नियम आपण शिकतो, इथे वाक्य वरवर होकारार्थी दिसतं आणि शेपूटही होकारार्थी, कारण इंग्रजीच्या लेखी ते वाक्य आधीच नकारार्थी आहे.

मराठीत आपण हा नकार क्रियापदावर टाकतो. 'ही नोज लिटल अबाउट इट' याचं सरळ मराठी 'त्याला त्यातलं फारसं कळत नाही'. 'त्याला त्यातलं थोडं कळतं' असं केलं की अर्थ पार उलटा झाला. मी मुलांना एवढंच सांगते की 'अ' नसलेला 'लिटल' दिसला की आधी 'फारसं... नाही' लावून बघा, दहातल्या नऊ वाक्यांत तेच बसतं.

आणखी एक. 'लिटल' नामाच्या आधी खुशाल येतो पण नामाच्या नंतर एकटा बसायला कुरकुरतो. 'अ लिटल बॉक्स' ठीक, पण 'द बॉक्स इज लिटल' सहसा कोणी म्हणत नाही, तिथे 'द बॉक्स इज स्मॉल'. अपवाद वयाचा, 'व्हेन आय वॉज लिटल' म्हणजे मी लहान असताना, ते अगदी सहज बोललं जातं. तसंच 'व्हेरी स्मॉल रूम' म्हणतात, 'व्हेरी लिटल रूम' म्हटलं तर ऐकणारा 'जागा फार कमी आहे' असं समजेल, कारण 'रूम'चा अर्थ जागा असाही होतो आणि 'व्हेरी लिटल' म्हटलं की कान प्रमाणाकडे जातो.

पायवाट

वाचतोय. एक शंका, 'अ लिटल अमाउंट' चूक आहे का? मी कायम 'अ स्मॉल अमाउंट'च वाचलंय पण का ते कधी कळलं नाही.

मोरपीस

@पायवाट, 'स्मॉल अमाउंट'च. अमाउंट, नंबर, क्वांटिटी, प्रपोर्शन हे सगळे मापाचे शब्द आहेत आणि त्यांच्याबरोबर 'स्मॉल' आणि 'लार्ज' ही जोडी जाते. इंग्रजीत या जोड्या ठरलेल्या आहेत, लार्ज-स्मॉल आणि बिग-लिटल. लार्ज-स्मॉल कोरडी जोडी, कपड्यांवर, आकडेवारीत, अहवालात सापडणारी. बिग-लिटल घरातली, बिग ब्रदर, लिटल सिस्टर. वाचनवेडी जे म्हणतेय त्याला हा पुरावाच आहे, जिथे शुद्ध मोजमाप आहे तिथे 'लिटल'ला प्रवेश नाही.

वाचनवेडी

@मोरपीस, वा! 'फारसं नाही'ची युक्ती मी आता सगळ्यांना सांगणार.

आणि 'लिटल सिस्टर'वरून आठवलं, तिथे 'लिटल' म्हणजे धाकटी. ती थोरल्या बहिणीपेक्षा उंच असेल तरी लिटल सिस्टरच. 'स्मॉल सिस्टर' म्हटलं तर चणीने लहान असा विचित्र अर्थ निघेल. करंगळीला 'लिटल फिंगर' म्हणतात त्यातही मला हाच धाकटेपणा दिसतो. संस्कृतात तिला कनिष्ठिका म्हणतात, म्हणजे सगळ्यात धाकटी. मराठीत आपल्याकडे लहान, छोटा, धाकटा, बारका, इवला, चिमुकला असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी, इंग्रजीत यातली बरीच कामं एकट्या 'लिटल'वर पडतात.

रातकिडा

'लेस' आणि 'फ्युअर'चा वाद इथे आणला तर चालेल का? 'लिटल'चंच पुढचं रूप आहे ना ते, लिटल, लेस, लीस्ट. ऑफिसात एक जण प्रत्येक मेलमधे 'लेस एरर्स' खोडून 'फ्युअर एरर्स' करायला लावतो. खरंच एवढं चूक आहे का?

जुनीवही

@रातकिडा, हा माझा आवडता विषय त्यामुळे जरा लांबण लावतो.

शाळेतला नियम सरळ आहे, मोजता येतं त्याला 'फ्युअर', मोजता येत नाही त्याला 'लेस'. फ्युअर बुक्स, लेस मनी. पण हा नियम भाषेइतका जुना नाही. 9व्या शतकात आल्फ्रेड राजाच्या काळच्या इंग्रजीत 'कमी शब्दांत' असं म्हणताना 'लेस'चंच जुनं रूप वापरलेलं आहे, आणि शब्द तर मोजता येतात. पुढे कित्येक शतकं लोक दोन्हीकडे 'लेस' वापरत होते. 1770 मधे रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने असं मत मांडलं की अशा ठिकाणी 'फ्युअर' जास्त चांगलं दिसेल, जास्त डौलदार वाटेल. त्याने ती स्वतःची पसंती म्हणून सांगितली होती. नंतरच्या व्याकरणवाल्यांनी त्या पसंतीचा कायदा केला.

आणि तो कायदा पाळणारे लोकसुद्धा सगळीकडे पाळत नाहीत, पाळूच शकत नाहीत. 'लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स', 'लेस दॅन थ्री इयर्स', इथे आकडा आहे, अनेकवचन आहे, तरी 'फ्युअर' कानाला खटकतं. कारण पाच किलोमीटर म्हणजे पाच सुट्या वस्तू नाहीत, एक सलग अंतर आहे. तीन वर्षं हा एक सलग काळ आहे. म्हणजे मोजता येतं की नाही हा प्रश्नच नाही, बोलणारा त्याकडे सुटं सुटं बघतो की एक गठ्ठा म्हणून बघतो हा प्रश्न आहे. पुन्हा बघणंच आलं.

ब्रिटनमधे टेस्कोच्या दुकानांत जलद रांगेच्या पाटीवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशा अर्थाचा मजकूर असायचा, त्यावर लोकांच्या तक्रारी चालू असायच्या, शेवटी 2008 मधे त्यांनी 'अप टु टेन आयटम्स' असं करून दोन्ही शब्दांना बगल दिली. तुमच्या ऑफिसात 'फ्युअर एरर्स'च लिहा, औपचारिक लिखाणात तेच अपेक्षित असतं. पण बोलताना कोणी 'लेस एरर्स' म्हणाला तर त्याला अडाणी समजणं हा अन्याय आहे, हे मी अगदी मनापासून सांगतो.

चांदणवेळ

मग 'होमलेस', 'युजलेस' मधला 'लेस' पण हाच का? घर कमी, उपयोग कमी?

जुनीवही

@चांदणवेळ, नाही, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. तो वेगळाच शब्द आहे. शब्दाच्या शेवटी येणारा 'लेस' जुन्या इंग्रजीतल्या 'मुक्त, विरहित' अशा अर्थाच्या शब्दापासून आला, 'लूज' म्हणजे सैल, सुटा, त्याच्या नात्यातला. म्हणून होमलेस म्हणजे घर 'कमी' नाही, घर सुटलेला, बेघर. दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द आज लिहायला सारखे दिसतात एवढंच.

उलट जिथे आपल्याला 'लेस' दिसत नाही तिथे तो लपलेला आहे. 'लेस्ट', म्हणजे 'न जाणो तसं व्हायचं' या अर्थाचा जुना शब्द, तो 'लेस'पासूनच तयार झालाय. 'अनलेस' सुद्धा. त्यातलं 'अन' हे नकाराचं नाही, ते मुळात 'ऑन' होतं, 'ऑन लेस' म्हणजे 'याहून कमी अटीवर'. म्हणजे 'अनलेस यू पे' याचा मूळ भाव 'पैसे देण्याहून कमी कुठल्याही अटीवर नाही'. आणि 'लेसर' हा शब्द बघा, 'लेस' हेच तुलनेचं रूप, त्याला आणखी एक तुलनेचा प्रत्यय, दुहेरी रूप असूनही आज पूर्ण मान्य. 'लेसर ईव्हल', दोन वाईटातलं कमी वाईट.

पायवाट

'अनलेस'चं वाचून थक्क झालो.

'लिटलर', 'लिटलेस्ट' असतं का मग? लहान मुलांच्या तोंडी ऐकलंय.

मोरपीस

@पायवाट, असतं, मुलं बोलतात आणि मोठी माणसं मुलांशी बोलताना वापरतात. डिक्शनरीतही आहे. पण मोठ्यांच्या गंभीर लिखाणात आकारासाठी 'स्मॉलर', 'स्मॉलेस्ट' घेतात. ज्या शब्दात भावना भरलेली आहे त्याला तुलनेच्या फूटपट्टीवर चढवायला भाषा नाखूष असते असं मला वाटतं, पण हे माझं मत.

रातकिडा

आता माझ्या प्रांतातलं. कॉम्प्युटरमधे 'लिटल एंडियन' असतं. एखादी मोठी संख्या चार बाइट्समधे ठेवायची, समजा 12 34 56 78 (बाइट म्हणजे मेमरीतला एक छोटा कप्पा), तर काही प्रोसेसर मेमरीत आधी 12 ठेवतात आणि काही आधी 78. ज्याची किंमत सगळ्यात कमी तो बाइट आधी ठेवला की मेमरीत 78 56 34 12 असं दिसतं, त्याला लिटल एंडियन म्हणतात. इंटेलचे प्रोसेसर असेच. इंटरनेटच्या प्रोटोकॉल्समधे उलटा, बिग एंडियन क्रम वापरतात, त्यामुळे डेटा पाठवताना हा क्रम बदलून घ्यावा लागतो.

हे नाव संगणकतज्ञ डॅनी कोहेन यांनी 1980 मधे लिहिलेल्या एका टिपणातून रूढ झालं, आणि त्यांनी ते उचललं गलिव्हरच्या प्रवासाच्या 1726 मधल्या गोष्टीतून, जिथे अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की छोट्या टोकाकडून यावरून युद्ध होतं. कोहेन यांचा मुद्दा असा होता की कुठलाही एक क्रम घ्या पण सगळे मिळून एकच घ्या. इथे 'लिटल' म्हणजे आकाराने लहान नाहीच, सगळे बाइट्स सारख्याच आकाराचे, फक्त महत्त्व कमी.

गणितात 'लिटल ओ' पण आहे. 'बिग ओ' म्हणजे एक फंक्शन, म्हणजे संख्या घातली की संख्या देणारं सूत्र, दुसऱ्याच्या ठरावीक पटीपेक्षा जास्त वेगाने वाढत नाही. 'लिटल ओ' म्हणजे दुसऱ्याच्या तुलनेत ते नगण्य होत जातं, भागाकार शून्याकडे जातो. उदाहरणार्थ एन हा एन वर्गाचा लिटल ओ आहे. एन स्वतः लहान नाही, तो वाढतच जातो, अमर्याद वाढतो, पण एन वर्गाशेजारी उभा केला की काहीच नाही. मला वाटतं वाचनवेडी म्हणतेय त्यात ही भर घालावी, 'लिटल' कुणाच्या तरी शेजारी उभं राहून लहान असतो.

वाचनवेडी

@रातकिडा, तुमची ही भर मला फार आवडली, शेजारी उभं करणं. गणितज्ञ फर्माच्या 'लिटल थिअरम'चंही, म्हणजे छोट्या प्रमेयाचंही, तसंच का?

रातकिडा

हो, अगदी. 1640 मधे फर्माने एका पत्रात लिहिलेला नियम आहे. मूळ संख्या घ्या, समजा 7. आता कुठल्याही पूर्ण संख्येचा सातवा घात करा आणि त्यातून ती संख्या वजा करा, उत्तराला 7ने भाग जाणारच. 2चा सातवा घात 128, वजा 2, 126, म्हणजे 7 गुणिले 18. याला 'लिटल' म्हणायचं ते फर्माच्या दुसऱ्या, साडेतीनशे वर्षं न सुटलेल्या प्रमेयापासून वेगळं ओळखू यावं म्हणून. पण कामाच्या दृष्टीने बघाल तर हे धाकटं प्रमेयच रोज राबतं, एखादी प्रचंड संख्या मूळ आहे का ते तपासायच्या पद्धती आणि आजच्या सांकेतिक लिप्यांपैकी काही त्याच्यावर उभ्या आहेत.

जुनीवही

'स्मॉल'बद्दल कोणीच बोललं नाही म्हणून थोडं. 'स्मॉल'चा जुना अर्थ 'लहान' नव्हे, 'अरुंद, बारीक, सडपातळ' असा होता. जर्मनमधला त्याचा भाऊ 'श्माल' आजही अरुंद याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत तो जुना अर्थ एका जागी टिकलाय, कमरेच्या वरच्या पाठीच्या निमुळत्या भागाला 'स्मॉल ऑफ द बॅक' म्हणतात. भाषांतरात याचं 'पाठीचा छोटा भाग' केलेलं असतं, तिथे 'कंबर' एवढं पुरतं.

चांदणवेळ

'स्मॉल आवर्स' म्हणजे पहाटेचे एक-दोन-तीन, ते आकडे लहान म्हणून ना?

जुनीवही

@चांदणवेळ, बरोबर. 'वी आवर्स' पण म्हणतात. 'वी' हा स्कॉटलंडचा लाडका शब्द, त्याचा मूळ अर्थ वजन असा होता. 'अ लिटल वी', म्हणजे थोडंसं वजन, असं बोलता बोलता 'वी'लाच चिमुकला हा अर्थ चिकटला. शेजारी बसणाऱ्याचा स्वभाव लागावा तसं झालं.

मोरपीस

कोणी 'बिलिटल'बद्दल लिहिलं नाही अजून! मला त्या शब्दाची गोष्ट सांगायचीच आहे.

18व्या शतकात फ्रान्समधे बुफाँ नावाचा फार मोठा निसर्गअभ्यासक होता. त्याचं म्हणणं असं की अमेरिका खंडातले प्राणी युरोपातल्या प्राण्यांपेक्षा आकाराने लहान आणि दुबळे असतात, तिथली हवाच तशी. हे अमेरिकेचे पुढारी थॉमस जेफरसन यांना झोंबलं. व्हर्जिनियाबद्दलची त्यांची टिपणं 1785 मधे पॅरिसला छापली गेली, त्यात त्यांनी प्राण्यांच्या वजनांचे तक्ते देऊन हा दावा खोडला, आणि निसर्ग अटलांटिकच्या अमेरिकेकडच्या बाजूला आपली निर्मिती लहान करतो या कल्पनेसाठी 'बिलिटल' हा शब्द वापरला. या शब्दाचा हा सगळ्यात जुना सापडलेला वापर मानतात. 1787 मधे लंडनच्या एका मासिकाने या नव्या शब्दावर जोरदार टीका केली, असला शब्द इंग्रजीत कशाला म्हणून. जेफरसन तेवढ्यावर थांबले नाहीत, त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतून मूस या अवाढव्य हरणाची कातडी, हाडं आणि शिंगं जहाजाने मागवून बुफाँकडे पाठवली.

त्यांच्या वाक्यात बिलिटलचा अर्थ शब्दशः लहान करणं असाच होता. आज त्याचा अर्थ कमी लेखणं, हिणवणं. आकाराचं लहानपण सरकत सरकत मानाचं लहानपण झालं. इंग्रजीतल्या 'पेटी' या शब्दाचंही तेच, फ्रेंचमधे 'पती' म्हणजे नुसतं लहान, इंग्रजीत 'पेटी कॅश' मधे अजून तोच अर्थ आहे पण माणसाला 'पेटी' म्हटलं की तो कोत्या मनाचा. आणि हे फक्त इंग्रजीत नाही, 'क्षुद्र' हा शब्द बघा, संस्कृतात त्याचा अर्थ लहान असाही होता, आता मराठीत कोणाला क्षुद्र म्हणून दाखवा!

पायवाट

'कमी लेखणं' मधे पण 'कमी' आहेच की.

चांदणवेळ

मला आवाजाबद्दल विचारायचंय. लिटल, टायनीचं टीनी, वी, मिनी, आपल्याकडे इवलं, चिमणं, पिटुकलं, किंचित, सगळीकडे 'इ'च का येतो?

वाचनवेडी

@चांदणवेळ, हा प्रश्न भाषाशास्त्रज्ञांनाही पडला होता. डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन यांनी 1922 मधे याच 'इ'वर लिहिलं. मग 1929 मधे एडवर्ड सपीर यांनी एक प्रयोग छापला, लोकांना सांगायचं की 'मिल' आणि 'माल' हे दोन बनवलेले शब्द आहेत, दोन्हीचा अर्थ टेबल, एक मोठं एक लहान, कुठलं मोठं? बहुसंख्य लोकांनी 'माल' मोठं सांगितलं. एक स्पष्टीकरण असं की 'इ' म्हणताना तोंडातली पोकळी आक्रसते आणि 'आ' म्हणताना मोकळी होते, शिवाय 'इ'चा आवाज कानाला बारीक लागतो, आणि बारीक आवाज लहान प्राण्यांचा असतो. पण हा नियम नाही, कल आहे. इंग्रजीतच 'बिग' मधे 'इ' आहे आणि 'स्मॉल' मधे तोंड चांगलं उघडावं लागतं!

प्रत्ययांमधेही बघण्यासारखं आहे. इंग्रजीत बुकलेट, डकलिंग, लॅम्किन, हिलॉक असे लहानपणाचे प्रत्यय आहेत पण ते ठरावीक शब्दांनाच लागतात. मराठीत आपण लिंग बदलून लहान करतो, डबा-डबी, सुरा-सुरी, टोपला-टोपली, गाडा-गाडी. तिथेही शेवटी 'ई'च आली बघा.

रातकिडा

मूळ मुद्द्याला धरून एक कठीण उदाहरण देतो. 6 ऑगस्ट 1945 ला हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बचं नाव 'लिटल बॉय' होतं. तीन मीटर लांब, साधारण 4400 किलो वजन. हे नाव का, तर त्याआधी याच, बंदुकीसारख्या नळीच्या पद्धतीच्या एका जास्त लांब बॉम्बवर काम चालू होतं, त्याचं नाव 'थिन मॅन'. तो सोडून द्यावा लागला आणि युरेनियमचा नवा बॉम्ब त्याच्यापेक्षा आखूड बसला म्हणून 'लिटल'. बनवणाऱ्यांसाठी ती फक्त दोन नळ्यांच्या लांबीची तुलना होती.

वाचनवेडी

हे वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. तुम्ही मघाशी म्हणालात तेच, शेजारी काय उभं केलंय. त्यांनी शेजारी दुसरा बॉम्ब उभा केला होता, शहर नाही. आणि 'लिटल बॉय' हे इंग्रजीत मायेने म्हणायचे शब्द आहेत, म्हणून ते नाव वाचताना आजही अंगावर येतं. याचं भाषांतर करायची वेळ आली तर मी ते नाव तसंच ठेवीन, 'छोटा मुलगा' करणार नाही.

पायवाट

'लिटल डिड ही नो' अशी वाक्यं गोष्टींमधे येतात ती कशी वाचायची? आणि 'नॉट अ लिटल'? आणि 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे कमी की जास्त?

मोरपीस

@पायवाट, एकेक घेते.

'लिटल डिड ही नो' मधे मी वर म्हटलेला नकारच आहे. 'लिटल' वाक्याच्या तोंडाशी आणला की 'नेव्हर' आणल्यावर होतो तसा क्रम उलटतो, 'डिड' कर्त्याच्या आधी येतो. अर्थ 'त्याला थोडं माहीत होतं' असा मुळीच नाही, 'त्याला कल्पनाही नव्हती'. हा वापर नो, थिंक, रिअलाइझ, सस्पेक्ट अशा मनातल्या क्रियापदांबरोबर येतो.

'नॉट अ लिटल' म्हणजे 'चांगलंच, बऱ्यापैकी जास्त'. 'ही वॉज नॉट अ लिटल अँग्री', तो काही थोडाथोडका रागावला नव्हता. मराठीत अगदी हुबेहूब असंच बोलतात त्यामुळे सोपं जातं. 'क्वाइट अ फ्यू' म्हणजे बरेच. यात 'फ्यू' बघून 'अगदी थोडे' असं करू नका.

शिवाय नुसता 'अ लिटल' सौम्य करायलाही वापरतात. 'आय अॅम अ लिटल डिसअपॉइंटेड' असं साहेबांच्या मेलमधे आलं तर नाराजी थोडी आहे असं समजू नये, शब्द थोडा आहे.

चांदणवेळ

शेवटची शंका, मग थांबते. पुस्तकात वाक्य आहे, 'द लिटल ही हॅड, ही गेव्ह अवे.' इथे 'अ' पण नाही आणि नुसता 'लिटल' पण नाही, 'द' आहे. मग हे 'फारसं नव्हतं' मधे धरायचं की 'थोडं तरी होतं' मधे?

वाचनवेडी

@चांदणवेळ, दोन्हीमधे, म्हणून तर तो तिसरा प्रकार. 'द लिटल' म्हणजे होतं फारच कमी, पण जेवढं होतं ते सगळं. 'व्हॉट लिटल ही हॅड' असं लिहिलेलं दिसलं तरी अर्थ हाच. 'त्याच्याकडचं थोडं त्याने दिलं' असं केलंत तर काही शिल्लक ठेवलं असं वाटेल, आणि 'त्याने सगळं दिलं' एवढंच केलंत तर तो गरीब होता हे निसटेल.

मी असं करीन: होतं नव्हतं तेवढं त्याने देऊन टाकलं.

चांदणवेळ

होतं नव्हतं! हेच हवं होतं. लिहून घेतलं.